नकाशापत्रके

छपाईच्या कागदाहून मोठा नकाशा तुकड्यांत छापून जोडता यावा, यासाठी केलेले त्याचे भाग. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या (स्थापना १७६७) स्थलनिर्देशक नकाशामालेत चार अंशांच्या पत्रकाचे एकेक अंशाचे १६ व त्या प्रत्येकाचे १५ कलांचे १६ भाग केले गेले. १:५०,००० प्रमाणाची पत्रके ती हीच. त्यांत शिरूर ४७ जे/५ मध्ये, तर दौंड ४७ जे/११ मध्ये येते. त्यामुळे शिरूरजवळून वाहणाऱ्या घोड नदीचा भीमेपर्यंतचा मार्ग पाहण्यास लगतची पत्रके जोडावी लागतात. कडेवरील नदी, रस्ता व समोच्चरेषा शेजारच्या पत्रकाशी जुळल्या, तरच नकाशा विश्वसनीय ठरतो. संगणकाद्वारे मोठ्या चित्राचे छपाईसाठी तुकडे करतानाही क्रमांक व जुळत्या कडा ही जुनीच पथ्ये पाळावी लागतात.