हजेरी घेणारी यंत्रं

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट काही तास ठप्प झालं. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. कुणी हल्ला केला नव्हता, वीजही गेली नव्हती. जाळ्याची तब्येत कळवणाऱ्या निरोपांनीच जाळं बंद पाडलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना.

अर्पानेटवर माहितीची ने-आण 'आयएमपी' नावाची यंत्रं करत. आपल्या लाइनींवर किती उशीर होतोय ते मोजून प्रत्येक यंत्र तसा अहवाल साऱ्या जाळ्याला पाठवायचं. अहवालांना ० ते ६३ असे क्रमांक असत आणि ६३ नंतर पुन्हा ०. त्यामुळे घड्याळाच्या तबकडीसारखं, कोणता आकडा पुढचा हे अंतरावरून ठरायचं. त्या दिवशी एका यंत्राच्या स्मृतीत बिट गळाले आणि ४४ क्रमांकाच्या अहवालाच्या ४० आणि ८ अशा आणखी दोन प्रती तयार झाल्या. आता नियमाप्रमाणे ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा! प्रत्येक यंत्र प्रत्येक प्रत 'नवी' समजून पुढे ढकलत राहिलं. अहवालांना इतर कामांपेक्षा प्राधान्य असल्यामुळे खऱ्या कामाला वेळच उरला नाही. तारेवरून जाताना झालेली चूक पकडायची सोय होती, स्मृतीत झालेली पकडायची नव्हती. एखादं यंत्र बंद करून चालू केलं तरी शेजारी तेच अहवाल त्याच्या गळ्यात पुन्हा मारत. शेवटी माणसांनीच यंत्रांना सांगितलं की ५० क्रमांकाच्या यंत्राचे अहवाल मानू नका. एरिक रोझेन यांनी १९८१मध्ये आरएफसी ७८९ या टिपणात हे सगळं नोंदवून ठेवलं आहे.

डिसेंबर १९८३मध्ये मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांनी नेटवर्कमधला एक बिघाड शोधताना 'पिंग' लिहिलं. नाव सोनारच्या आवाजावरून. हाक मारायची, ओ आली तर यंत्र आहे. आली नाही तर?

तर काय, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. १९८५मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी सिद्ध केलं, की निरोपाला किती उशीर लागेल याची काही मर्यादाच नसेल, तर एक यंत्र मरू शकतं एवढ्या शक्यतेनेही बाकीच्यांचं एकमत होण्याची हमी उरत नाही. गोम अशी, की मेलेलं यंत्र आणि फार हळू चालणारं यंत्र बाहेरून सारखंच दिसतं. आम्ही कॉन्फिगमध्ये पाच सेकंदांचा टाइमआउट लिहितो, तो म्हणजे अंदाज असतो.

१९९९मध्ये ईथन गालस्टाड यांचं 'नेटसेंट' आलं, तेच पुढे 'नॅगिओस' झालं. त्याच्या तपासणीची उत्तरं चारच: ० ठीक, १ इशारा, २ गंभीर आणि ३ माहीत नाही. हा तिसरा आकडा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. नॅगिओसचा निरोप बहुधा ईमेलने किंवा पेजरवर माणसाकडे जायचा आणि पुढचं माणूस ठरवायचा.

२०१४मध्ये आलेल्या कुबर्नेटीसच्या काळात तपासणीला अधिकार मिळाले. लाइव्हनेस तपासणीत लागोपाठ नापास झालं की कंटेनर मारून नवा सुरू, रेडीनेसमध्ये नापास झालं की त्याच्याकडे येणारी कामं बंद. रात्री तीनला माणसाची झोपमोड वाचते, हे खरंच. पण समजा लाइव्हनेस तपासणीतच कुणी डेटाबेसची चौकशी घातली. डेटाबेस जरा मंदावला की धडधाकट सर्व्हर एकाच वेळी नापास होतात, एकाच वेळी रीस्टार्ट होतात आणि उठल्याउठल्या सगळे मिळून त्याच डेटाबेसवर तुटून पडतात. १९८०चीच गोष्ट, फक्त पात्रं नवी.

उलटही होतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१७मध्ये 'ग्रे फेल्युअर'वर निबंध लिहिला. त्यातलं यंत्र हजेरीला 'हजर' म्हणतं, पण त्याच्याकडे काम घेऊन गेलेल्याला ते आजारी आहे हे कळतं. शाळेत प्रॉक्सी मारलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

म्हणून आता तपासणीलाच लगाम घालतात. एकदा नापास झाल्यावर लगेच काढायचं नाही, आणि एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त यंत्रं काढायची नाहीत. 'एन्व्हॉय' या प्रॉक्सीत तर एक सोय मुळातच चालू असते. निम्म्याहून कमी यंत्रं निरोगी दिसू लागली, की ती तपासणीचा निकाल बाजूला ठेवते आणि सगळ्यांकडे कामं पाठवते. इतके जण एकदम आजारी पडण्यापेक्षा थर्मामीटर बिघडल्याची शक्यता जास्त, असा त्यामागचा विचार. १९८०मध्ये माणसांनी तासन्‌तास शोधून जो उपाय केला, अहवाल मानू नका, तो आज एका सेटिंगमध्ये आहे. त्या सेटिंगचा आकडा किती ठेवायचा, हे मात्र अजून आपल्यालाच ठरवावं लागतं.