हरवलेल्या लेकरांचा हिशेब

आम्ही मालवण किनाऱ्याची माणसे. घाट चढून कोल्हापूरला जाणे आम्हाला नवे नाही. पण १९९६ च्या नोव्हेंबरात अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित पकडल्या गेल्या, तेव्हापासून गर्दीत लेकराचे मनगट आम्ही घट्ट धरू लागलो.

१९९० पासून या मायलेकी गरिबांची मुले पळवीत. चोरी करताना सापडल्या की कडेवरचे मूल आपटायचे, गोंधळात निसटायचे. मूल नकोसे झाले की मारायचे. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. पण त्या अर्जाच्या कामात सरकारने जवळजवळ आठ वर्षे घालवली, म्हणून १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

फाशीवर वाद जरूर व्हावा. आम्हाला दुसराच प्रश्न छळतो. पहिले मूल एका भिकारणीचे होते. तिचा आक्रोश त्याच दिवशी कुणी ऐकला असता, तर पुढची किती लेकरे वाचली असती?