प्रतिपूरक वनीकरण निधी

खाणी, धरणे, रस्ते आदी कार्यांसाठी वनभूमी वनेतर उपयोगास वळविताना, तिच्या मोबदल्यात अन्यत्र वृक्षलागवड व्हावी आणि नष्ट होणाऱ्या वनसंपदेची भरपाई व्हावी, या हेतूने प्रकल्पचालकांकडून वसूल केलेल्या रकमांचा भारतातील सार्वजनिक निधी.

वन (संवर्धन) अधिनियम, १९८० अन्वये अशा भूमिबदलास केंद्र सरकारची पूर्वमंजुरी आवश्यक ठरली. वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्वतंत्र निधीचा आदेश दिला, व २००८ साली वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य (वनापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, जी प्रकल्पचालकाकडून वसूल होते), त्याच्या प्रकारानुसार व घनतेनुसार, हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरविले. या निधीविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाने ९० टक्के रक्कम राज्यांकडे व १० टक्के केंद्राकडे सोपविली. २०१९ साली ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांच्या सुपूर्द झाले.

तथापि, ज्या आदिवासी कुटुंबांचे मोहफुले, तेंदूपाने, सरपण व चराई यांवरील वहिवाटीचे हक्क वनाबरोबर लोपतात, त्यांना या भरपाईत थेट वाटा नाही. उलट, त्यांच्याच कसत्या जमिनींवर व गायरानांवर लागवड झाल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या आहेत. ग्रामसभेच्या हाती हक्क आल्यास काय घडू शकते, याचे उदाहरणही आहे : वनहक्क अधिनियम, २००६ खाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला व बांबूविक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती आणले. निधीच्या विनियोगास ग्रामसभेची संमती बंधनकारक केल्यावाचून पर्यावरणरक्षणाचा हा खर्च न्याय्य ठरणार नाही.