उजाडल्यावरही न सुटणारा चकवा

मालवणी मुलखात वाढलेल्या माणसाला ‘चकवा’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. तिन्हीसांजेला नेहमीच्या पाणंदीने घरी निघालेला माणूस रात्रभर त्याच मळ्यात फिरत राहतो आणि पहाटे भानावर येतो, तेव्हा घर हाकेच्या अंतरावर असते. असा चकवा लागला तर जागीच बसावे, उजाडले की वाट दिसते, असे वडीलधारी माणसे सांगत. परंतु उजाडल्यावरही जो चकवा सुटत नाही, त्याचे काय?

काही वर्षांपूर्वी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी किनाऱ्यालगतच्या एका घरी जात असे. घरातील आजी ऐंशीच्या पुढच्या; लग्न होऊन त्या घरात आल्याला साठ वर्षे झालेली. एका सकाळी त्या कपड्यांचे बोचके घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “फादर, माका घराक जावचा आसा. हय माका कोण वळखणा नाय.” मुलगा ओशाळून म्हणाला, “आये, ह्याच तुझा घर गे!” मीही त्याचीच री ओढली. भिंतीवरची त्यांच्या लग्नाची तसबीर दाखविली, नातवंडांची नावे सांगितली. आजी अधिकच घाबरल्या आणि रडू लागल्या. त्याच दुपारी त्या घरातून नाहीशा झाल्या. दिवस मावळता मावळता दूर वाळूत बसलेल्या सापडल्या. कोणी चकवा म्हटले, कोणी म्हातारचळ म्हटले, कोणी सुनेला बोल लावला. माझ्या समजावण्याने त्यांच्या भीतीत भरच पडली, हे मला फार उशिरा कळले. ते कळले या विषयाचा इतिहास वाचताना. तोच येथे मांडतो.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्यापाशी बसून साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे लिहून घेत. आपण कोठे आहोत, हे तिला सांगता येत नसे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असे ती म्हणे. १९०६ साली ती वारली. तोवर म्युनिकला गेलेल्या अल्झायमर यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पिळलेल्या तंतूंच्या गाठी त्यांना दिसल्या. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले; सभेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

येथे एक मोठी अडचण होती. रोग ओळखायचा तर मेंदू पाहावा लागे आणि तो पाहायचा तर रोगी मरावा लागे. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले खरे, पण त्यांच्या साध्या चित्रात कवटीचे हाड उमटे, आतील मऊ मेंदू नव्हे. ही भिंत ओलांडली गेली १ ऑक्टोबर १९७१ रोजी. त्या दिवशी लंडनमधील विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. अनेक कोनांतून सोडलेल्या क्ष-किरणांची गणकयंत्राने जुळणी करून मेंदूचा जणू आडवा काप पाहता येऊ लागला. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने चित्र मिळविले आणि त्यातून एमआरआय जन्मास आले. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखवून दिले की, रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग काम करीत आहे, हेही चुंबकाला टिपता येते. आता मेंदूच्या आकाराबरोबर त्याचे कामही दिसू लागले.

पेट स्कॅन ही याच मार्गावरची आणखी एक पायरी. किंचित किरणोत्सारी केलेली शर्करा शरीरात सोडली की मेंदूचा कोणता भाग ती किती वापरतो, ते कळते. आपल्या देशात ही तपासणी २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली. अल्झायमरच्या रोग्यात मेंदूच्या मागील व बाजूच्या भागांतील शर्करेचा वापर मंदावलेला दिसतो. दिवाळीच्या रात्री वाडीतील काही घरांतच दिवे लागू नयेत, तसे ते चित्र असते.

पण वाटच का चुकावी? याचे उत्तर प्रथम उंदरांकडून मिळाले. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या की, ज्या उंदीर विशिष्ट जागी आला की जाग्या होतात. २००५ साली मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात नकाशावरील चौकटींसारखी जागेची मोजणी करणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी, १९९१ साली, हाइको व एव्हा ब्राक या जर्मन दांपत्याने अनेक मृत मेंदू तपासून सांगितले होते की, अल्झायमरच्या गाठी मेंदूच्या बाह्यपटलात जेथे प्रथम धरतात, तो भाग हाच. म्हणजे नकाशा जेथे काढला जातो, तेथेच वाळवी आधी लागते. सेमिनरीत वाचलेल्या संत ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’मध्ये स्मृतीला विस्तीर्ण दालनांची उपमा दिली आहे. स्मृती आणि जागा यांचे नाते त्या उपमेहूनही निकटचे निघाले.

२०१५ साली या शोधाला दोन धागे आणखी जोडले गेले. जर्मन संशोधकांनी या रोगाचा आनुवंशिक धोका असलेल्या निरोगी तरुणांना एमआरआय यंत्रात पडद्यावरील मैदानातून फिरविले. त्यांच्यातील नकाशाच्या पेशींचा ठसा क्षीण आढळला आणि ते मैदानाच्या मध्यातून जाण्याऐवजी कडेकडेने जात. त्याच वर्षी जेरुसलेमचे शहार आर्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, स्थळ, काळ आणि व्यक्ती यांचे भान राखताना मेंदूचे निकटवर्ती आणि काही ठिकाणी सामाईक भाग कामी येतात. अल्झायमर रोगात या जाळ्याला इजा पोहोचते. “मी कोठे आहे”, “आज कोणता वार” आणि “हा माझा कोण” हे तीन प्रश्न एकाच घरात नांदतात. घर कोसळू लागले की तिघेही उघड्यावर येतात.

हे वाचले तेव्हा आजींचे ते वाक्य मला पुन्हा आठवले. घर आणि घरची माणसे त्यांनी एकाच श्वासात हरवली होती. तो हट्ट नव्हता, बाहेरची बाधा नव्हती, सुनेचा दोष तर नव्हताच. नवा नकाशा पुसला गेला होता. जुना, बालपणीचा, अजून शाबूत होता, आणि त्या मागत होत्या ते घर बहुधा माहेर होते. तसबीर दाखवून तो नकाशा परत काढता येणार नव्हता.

चित्र म्हणजे उपचार नव्हे. काही नवी औषधे रोगाची चाल सुरुवातीच्या काळात थोडी मंदावतात, पण गेलेले परत आणीत नाहीत. म्हणून शेजारच्या गोव्यातील एक प्रयोग मला मोलाचा वाटतो. तिसवाडी व बार्देश तालुक्यांतील ८१ कुटुंबांसह डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. थोडेफार प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी येऊन रोग समजावीत, सांभाळणाऱ्यांचे ऐकून घेत. त्याने रोग हटला नाही. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मात्र कमी झाला.

पुढच्या भेटीत मी आजींना पटवून देण्याचा प्रयत्न केला नाही. विचारले, “आजी, तुमच्या घराकडे कोण कोण आहे?” त्या सांगू लागल्या. परसातली विहीर, फणसाचे झाड, होडी ओढणारे बापूस. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. त्यातले पुष्कळसे त्याने प्रथमच ऐकले. बोलता बोलता त्यांचा हात बोचक्यावरून निघाला. चकवा लागला तर जागीच बसावे, असे जुनी माणसे सांगत. ज्याला चकवा लागला त्याच्या शेजारीही कोणीतरी बसावे लागते, एवढेच त्यात जोडावेसे वाटते.