फूल कोणासाठी? अजिंठ्याचे कमळ ते चाळीसगावचा गुच्छ

शाळेत चित्रकलेच्या तासाला विद्यार्थ्यांसमोर पहिल्यांदा ठेवले जाते ते बहुधा फूलच. जास्वंदीची नाही तर कण्हेरीची एखादी फांदी. पुढे एलिमेंटरीच्या संकल्पचित्रात तेच फूल कंपासच्या वर्तुळात बसवले जाते, पाकळ्या मोजून भरल्या जातात आणि बहुतेकांची चित्रकला तिथेच संपते. फुलांचे चित्र म्हणजे सोपे चित्र, हा समज मात्र आयुष्यभर टिकतो. दिवाणखान्यातील सोफ्याच्या रंगाला साजेसे फुलांचे चित्र विकत घेणारे पुष्कळ असतात आणि ते रंगवणारेही. तथापि, फुलाच्या आधाराने माणसाच्या मनातील करुणा, विरह, भीती वा कृतज्ञता दाखवू पाहणारे चित्रकार वेगळे. त्यांच्यापुढचा प्रश्न फूल कसे काढावे हा नसतो. हे फूल कोणासाठी, हा असतो. या प्रश्नाची फार जुनी आणि फार वेगळी उत्तरे खानदेशाच्या परिसरात सापडतात.

पद्मपाणीच्या हातातील कमळ

जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर असलेली अजिंठ्याची लेणी प्रशासकीयदृष्ट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण रेल्वेने येणारा पर्यटक जळगावला उतरूनच तिकडे जातो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात ते रंगवले गेले. देह किंचित वळलेला, मस्तकावर रत्नजडित मुकुट, नजर खाली झुकलेली आणि उजव्या हाताच्या बोटांत निळे कमळ.

या चित्रातील भाव चेहऱ्यावर आहे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण चित्रासमोर थोडा वेळ थांबले की हाताकडे लक्ष जाते. कमळ घट्ट धरलेले नाही. राजदंड किंवा शस्त्र धरावे तसे तर मुळीच नाही. बोटांच्या टोकांवर ते जेमतेम टेकले आहे. ज्याच्याजवळ सर्व काही आहे आणि ज्याने त्यातले काहीच धरून ठेवलेले नाही, अशा पुरुषाची करुणा त्या पकडीत उतरली आहे. हेच कमळ मुठीत दाखवले असते, तर चेहऱ्यावरचा भावही बदलला असता.

त्याच लेण्याच्या आणि शेजारच्या दुसऱ्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहिले तर कमळांचा नुसता सडा दिसतो. वर्तुळात उमललेली कमळे, कळ्या, लांब देठांच्या वेली, त्यांच्यात हंस आणि फळे. ही फुले भाव सांगत नाहीत, ती उत्सव मांडतात. खाली भिंतीवर तेच फूल एकटे आहे आणि गंभीर आहे. एकाच परंपरेतील चित्रकारांनी एकाच फुलाचा दोन तऱ्हांनी वापर केला. फुलाला ठरलेला अर्थ असतो, असे मानणाऱ्यांनी हे छत आणि ही भिंत एकत्र पाहावी.

रंगांबाबतही हेच म्हणता येईल. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना वर्ण दिलेले आहेत. शृंगाराला श्याम, रौद्राला लाल, अद्भुताला पिवळा आणि करुणाला कपोत, म्हणजे पारव्याचा करडा. अजिंठ्याच्या चित्रकाराने शास्त्राची ही कोष्टके जशीच्या तशी वापरली नाहीत. तेथील पिवळा, तांबडा आणि हिरवा रंग माती व खनिजांपासून केलेला, तर काळा काजळीचा. उत्तरकालीन लेण्यांत दिसणारा निळा मात्र ‘लाजवर्द’ या दगडाचा. तो अफगाणिस्तानच्या डोंगरातून यायचा, म्हणून अर्थातच महागडा. जो रंग सर्वांत दुरून आणावा लागत होता, तो कुठे खर्च करायचा याचा विचार त्या चित्रकाराला करावाच लागला असणार.

जळालेल्या प्रती

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि पुढे त्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेण्याचे काम सुरू झाले. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची त्यासाठी नेमणूक झाली. गिल अजिंठ्यातच राहिले, तिथलेच झाले. पारो या स्थानिक स्त्रीशी त्यांचा जडलेला स्नेह सर्वश्रुत आहे. २३ मे १८५६ रोजी ती वारली. ‘माझी प्रिय पारो’ असा उल्लेख असलेला लेख गिल यांनी तिच्या स्मारकावर कोरून घेतला. हे स्मारक अजिंठा गावात आहे. पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य याच कथेवरचे आणि २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर चित्रपटही काढला.

गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले आणि १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील १८८५ च्या आगीत गेल्या. पुढे १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार ही तरुण मंडळी आली. अजिंठ्याची रेषा आधुनिक भारतीय चित्रकलेत उतरली, त्यात या मुक्कामांचा वाटा मोठा आहे.

गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये लंडनमध्ये निघाले. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याची कमळे पहिल्यांदा कागदावर आणि कापडावर नेणारा हा माणूस जळगाव जिल्ह्यातच विसावला आहे, हे फार थोड्या भुसावळकरांना ठाऊक असेल.

पंजाब मेलची वाट

भुसावळहून मुंबईच्या दिशेने येताना चाळीसगाव लागते. रेल्वे स्थानकाजवळच्या एका दगडी बंगल्यात कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजेच कलामहर्षी केकी मूस यांचे आयुष्य गेले. १९१२ मध्ये मुंबईत जन्म, इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परत. त्यानंतर ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, ते घराबाहेर क्वचितच पडले. घराला त्यांनी ‘रेम्ब्रांज रिट्रीट’ असे नाव दिले होते. चित्र, शिल्प, कागदाच्या घड्यांची कला, असे पुष्कळ काही त्यांनी केले; पण नाव झाले ते छायाचित्रणात आणि त्यातही ‘टेबलटॉप’ या प्रकारात. टेबलावर किरकोळ वस्तू मांडायच्या, प्रकाश नेमका टाकायचा आणि त्यातून एखादे विस्तीर्ण दृश्य उभे करायचे, असा हा प्रकार. जगाकडे पाठ फिरवलेल्या माणसाने चार फूट टेबलावर जग मांडावे, यात एक तर्कसंगती आहे.

मूस यांच्या एकांतवासाचे कारण म्हणून एक कथा सांगितली जाते. मुंबई सोडताना त्यांच्या प्रेयसीने पंजाब मेलने चाळीसगावला येण्याचे वचन दिले होते. ती आली नाही. मूस मात्र रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला दारे-खिडक्या उघडत, दिवे लावत, दोघांचे जेवण मांडत आणि बागेतल्या ताज्या फुलांचा गुच्छ तयार ठेवत. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. गुच्छ मात्र बहुतेकांच्या सांगण्यात असतो. (योगायोग असा, की पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ मध्येच, मूस यांच्या जन्मवर्षी.)

ही कथा इतकी गोड आहे की तिच्यामुळे मूस यांचे काम झाकले गेले, अशी तक्रार करायला जागा आहे. येणारा पाहुणा प्रेमकथा ऐकतो आणि छायाचित्रांवरून नजर फिरवून निघून जातो. वास्तविक तो गुच्छ आणि ते टेबल ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. वस्तू मांडणे, प्रकाश लावणे आणि जे समोर नाही त्यासाठी जागा रिकामी ठेवणे, ही दोन्हींची रीत एकच आहे. मूस यांचे घर त्यांच्या मागे संग्रहालय म्हणून जपले गेले आहे. आधी छायाचित्रे आणि मग कथा, या क्रमाने ते पाहिल्यास अधिक हाती लागते.

मूस यांच्या गुच्छाशी नाते सांगणारी फुले चित्रकलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. १८८८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील आर्ल या गावी व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने सूर्यफुलांची चित्रे रंगवली, ती पॉल गोगँ हा मित्र राहायला येणार म्हणून, त्याची खोली सजवण्यासाठी. गोगँ २३ ऑक्टोबरला आला आणि दोन महिन्यांत भांडण होऊन परतला. त्या सूर्यफुलांपैकी काही ताठ उभी आहेत, काहींच्या पाकळ्या झडून नुसते बियांचे तबक उरले आहे. वाट पाहणे आणि वाट पाहून थकणे एकाच फुलदाणीत आहे. व्हॅन गॉग वापरत असे त्या क्रोम पिवळ्या रंगाचे काही प्रकार प्रकाशाने तपकिरी पडत जातात, हे २०११ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

देवीचे, गावाचे, कोणाचेच नाही

महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेले चित्रातील फूल मात्र वेगळ्या वाटेने आले. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून, जो १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कमळावर उभी लक्ष्मी भिंतीभिंतींवर गेली. तिथले कमळ देवीची ओळख सांगते. भाव पाहणाऱ्याच्या भक्तीत आहे, पाकळीत नाही.

धुळे जिल्ह्याच्या उत्तरेला, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा समाजाच्या वस्त्या आहेत. तिथे मोहाचे फूल पहाटे गळते आणि वेचले जाते. ते खाण्याचे आहे, साठवण्याचे आहे. फुलाकडे शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची सवय असलेल्या शहरी माणसाला ही दृष्टी नवीन वाटते. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की लागणाऱ्या झाबुआ जिल्ह्यातील भुरीबाई यांनी भिल्ल भिंतीचित्रांची परंपरा कागदावर आणली. भोपाळच्या भारत भवनच्या उभारणीवर त्या मजुरी करत असताना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांच्या हाती कागद आणि रंग दिले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत झाड, पाखरू, जनावर आणि माणूस सगळे ठिपक्यांनी भरलेले असतात आणि प्रत्येक भिल्ल चित्रकाराची ठिपक्यांची रीत स्वतःची असते. इथे एकट्या माणसाचे दुःख शोधू नये. हे आनंद आणि उपकार मानणे साऱ्या पाड्याचे आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला दिल्लीच्या अर्पिता सिंग आहेत. १९३७ चा जन्म. त्यांच्या कॅनव्हासवर गुलाबी-निळ्या फुलांच्या शेजारी पिस्तुले, मोटारी आणि विमाने येतात. मध्ये एखादी प्रौढ स्त्री बसलेली असते. फुले कांथ्याच्या भरतकामासारखी सर्वत्र पसरलेली, म्हणून आधी घरगुती वाटतात. मग त्यांच्यातले शस्त्र दिसते आणि तीच फुले भीतीची होतात. २०२५ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. फुलांतून भीती व्यक्त करणारा असा दुसरा समकालीन भारतीय चित्रकार चटकन आठवत नाही.

अमेरिकेच्या जॉर्जिया ओकीफ यांनी १९२० च्या दशकात एकेक फूल कॅनव्हास भरून जाईल एवढे मोठे केले. समीक्षकांनी त्यात स्त्रीदेहाचे अर्थ शोधले. ओकीफ यांनी ते कायम नाकारले. त्यांचे फूल कोणासाठीही नव्हते. घाईत असलेल्या माणसाने थांबून फुलाकडे पाहावे, एवढाच हेतू. त्यांनी १९३२ मध्ये रंगवलेले एक पांढरे फूल २०१४ च्या लिलावात ४ कोटी ४४ लाख डॉलरना गेले. ते फूल धोतऱ्याच्या जातीचे होते. खानदेशात उकिरड्याशेजारी उगवणारा आणि फार तर महादेवाला वाहिला जाणारा धोतरा तो हाच, थोड्या फरकाने.

कपाशीचे फूल

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील सर्वाधिक पाहिले गेलेले फूल कोणते, तर अर्थातच कपाशीचे. ते देवाला सहसा वाहत नाहीत, वेणीत माळत नाहीत, गुच्छात बांधत नाहीत. महानोरांमुळे खानदेशचे रान आणि पीक कवितेत दिमाखाने आले. चित्रांत कपाशीच्या फुलाला तसा मान अजून मिळायचा आहे. चित्रकाराच्या दृष्टीने त्यात गंमत बरीच आहे. आता सर्वत्र दिसणाऱ्या संकरित कपाशीचे फूल सकाळी उमलते तेव्हा सायीच्या रंगाचे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, मग तांबूस-जांभळे होऊन सुकते आणि खाली बोंड धरते. एकाच झाडावर कालचे गुलाबी आणि आजचे पांढरे फूल शेजारी शेजारी दिसते. पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी शेत फुलावर येते. त्याच वेळी घरात पुढच्या फवारणीचा, पावसाचा आणि यंदाच्या भावाचा हिशेब चाललेला असतो.