तळटीप १४ : ‘एक पिक्सेलचा कॅमेरा’

१४. धुक्यात पालमच्या (जि. परभणी) रस्त्यावर समोरचा ट्रक दिसत नाही, तो उजेड कमी म्हणून नव्हे, पाण्याचे बारीक थेंब किरण विखरून टाकतात म्हणून. एक पिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या पद्धतीत वस्तूवर ठरावीक काळ्या-पांढऱ्या नक्ष्या एकामागून एक टाकतात. परतणारा प्रकाश वाटेत कितीही भरकटो, एकच शोधक त्याची फक्त बेरीज मोजतो. चित्र गणिताने जुळवतात. एक पिक्सेलचा पहिला कॅमेरा अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा (२००६). विखुरणाऱ्या माध्यमाआडून प्रतिमा मिळवण्याचा प्रयोग स्पेनच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. मात्र नक्षी वस्तूपर्यंत शाबूत पोचावी लागते. प्रकाश जातानाही दाट धुके आडवे आले, तर काम लेखक समजतात तितके सोपे राहत नाही. – संपा.