वेशीवरची वही

गेल्या वर्षी दोन महिने लेकीकडे पुण्याला होतो. तिची सोसायटी म्हणजे चौफेर उंच भिंत, एकच मोठं फाटक आणि फाटकाशी वही. कोण आलं, कुणाकडे आलं, मोबाईल नंबर काय, किती वाजता आत, किती वाजता बाहेर... सगळं त्या वहीत. सकाळी फिरून आलो की वॉचमनशी दोन शब्द बोलायचो. पोरगा मुखेडकडचा निघाला. मग काय, नांदेडच्या गप्पा!

एकदा पार्किंगवरून दोघांचं वाजलं. आपलंच खरं हे दाखवायला एका गृहस्थांनी वहीच्या पानांचे फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तिथून ते कुणीतरी फेसबुकवर नेले. चर्चा सगळी गाडी कुणाची यावर. पण त्याच पानावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंकडे भाऊ आल्याची नोंद होती. भावाचं नाव, बाईंचं नाव, फ्लॅट नंबर. सासरचा मार सोसवेना म्हणून त्या लेकराला घेऊन इथं राहायला आल्या होत्या. नवऱ्याला पत्ता लागू नये एवढीच त्यांची धडपड होती.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. आणि सवयीनं मन मागे गेलं.

भिंत, फाटक आणि राखणदार ही पुण्या-मुंबईची नवी कल्पना नव्हे. मराठवाड्यातल्या जुन्या गावाला गावकूस असायचं, कुसाला वेस असायची आणि वेशीवर वेसकर. आमच्याकडे येसकर म्हणतात. हे काम महारांकडे असे. रात्री वेस लावायची, परका माणूस आला की पाटलाला वर्दी द्यायची. म्हणजे गावात कोण आलं-गेलं याची पहिली खबर त्याला. आणि त्याचं स्वतःचं घर मात्र कुसाबाहेर! रात्रंदिवस राबवून घेणाऱ्या या वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, त्यामुळे तो कायदा झाला असता तरी इथं लागू झाला नसता, ते सोडा. लेकीच्या सोसायटीतही वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची फाटकाच्या बाहेरच असते, एवढं नोंदवून ठेवतो.

जुनं गाव फार सोज्वळ होतं असं मला म्हणायचं नाही. तिथं खासगी असं काही नव्हतंच. कुणाची चूल पेटली नाही, कुणाची सून माहेरी गेली, सगळं सगळ्यांना ठाऊक. पण ती माहिती माणसांच्या डोक्यात होती. ती हवी असेल तर वेशीशी येऊन कुणाला तरी विचारावं लागे, आणि विचारणाराही दिसे. तो कोण, कुठला, कशाला विचारतो, हे पाहून उत्तर द्यायचं की ‘ठावं नाही’ म्हणायचं हे गावाच्या हातात राही.

आमच्या भागात या ‘ठावं नाही’ला एका काळी फार किंमत होती. भोकरच्या शेजारी उमरी आहे. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी तिथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम घेऊन ते पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या कॅम्पात गेले. हे शाळेत दरवर्षी १७ सप्टेंबरच्या भाषणात सांगितलं जातं. पण भाषणात न येणारा भाग असा की, नदीपलीकडे कॅम्प चालायचे तर अलीकडच्या गावांनी किती नावं, किती घरं पोटात ठेवली असतील! रझाकारांना ती कळती तर घरच्या माणसांचं काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि त्याच वर्षीची दुसरी बाजू. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं, निजाम शरण आला, आणि सूडाला तोंड फुटलं. पंडित सुंदरलाल समितीनं वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत वाईट चार जिल्हे. मेलेल्यांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजार, बहुतेक मुसलमान. मारणाऱ्यांत बाहेरून आलेलेही होते. बाहेरच्याला घर कसं सापडतं? गावातलं कुणीतरी दाखवतं म्हणून. पण हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, काहींनी त्यासाठी जीवही दिला, हेही त्याच अहवालात आहे. आधी दारात येणारे वेगळे होते, नंतर येणारे वेगळे. प्रश्न दोन्ही वेळी एकच: तो कोणत्या घरात आहे?

माहिती कागदावर असली की ‘ठावं नाही’ म्हणण्याची सोय जाते. नाझींच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅममध्ये नागरिकांच्या नोंदवहीत कोण ज्यू हे लिहिलेलं होतं. काही लोकांनी २७ मार्च १९४३ ला पोलिसांच्या वेशात जाऊन ते कार्यालय पेटवलं. थोडीच कार्डं जळली, आणि पुढे बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

आता आपल्याकडे कायदे आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. (खटला लढले ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी. आम्हा म्हाताऱ्यांना तेवढाच आधार!) २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. सोसायटीला सभासदांची यादी ठेवावीच लागते, सहकार कायदाच तसं सांगतो. ठेवू नका असं मी म्हणत नाही. पण ठेवणं वेगळं आणि फेसबुकवर टांगणं वेगळं. तिथं विचारायला कोण आलं होतं ते कुणालाच दिसत नाही.

लेकीनं कमिटीला पत्र दिलं. फोटो काढून टाकले गेले. ‘पार्किंगचा विषय होता हो, बाकी कोण वाचतंय!’ असं ते गृहस्थ मला लिफ्टमध्ये म्हणाले. माणूस वाईट नाही. गणपतीत सगळ्यांत जास्त तेच राबतात. पण तोवर ते फोटो कुठे कुठे गेले होते याचा पत्ता कुणालाच नव्हता. बाईंनी वाट पाहिली नाही. दहा-बारा दिवसांनी पहाटे टेम्पो आला.

मी फिरून आलो तेव्हा वॉचमन वही घेऊन बसला होता. ‘गुरुजी, मी नुसतं लिहिलं होतं. फोटो मी काढला नाही,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ठाऊक आहे बाबा. वहीत टेम्पोचा नंबर आणि वेळ लिहिलेली होती. पुढचा ‘कुठे’चा रकाना कोरा होता.

‘विचारलंच नाही मी,’ तो म्हणाला.